बारा लुम्पिया आणि एक काळी पिन

मंगळवारी सकाळी सिल्वेरियो नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसून जुळ्यांच्या दाखल्यांवर शिक्के मारत होता, तेव्हा त्याची मेहुणी सोलिंगताई थेट पुढे येऊन उभी राहिली. (रांग आपल्या मागे लागते, पुढे नसते, असं तिचं लहानपणापासूनचं मत होतं.)

"पाद्रीबाबांनी रविवार दिलाय," ती म्हणाली. "सकाळी मिस्सा, चार वाजता तुझ्या घरी प्रार्थना, मग खाणं. ल्युसेनाहून मंडळी येणार. पंचवीस माणसं धर."

त्याच्या बायकोला, पेतांगला, जाऊन वर्ष होत होतं. नवऱ्याने वर्षभर छातीवर लावलेली काळी पिन त्या दिवशी सगळ्यांसमोर काढायची, की दुखवटा संपला. सिल्वेरियोच्या हातून दुसऱ्या जुळ्याच्या दाखल्यावर शिक्का उलटा पडला.

"खाण्याचं मी बघते. पान्सितच्या शेवया, भात, भाजलेलं डुक्कर..."

"लुम्पिया मी करीन," सिल्वेरियो म्हणाला. (भाजीचं सारण पातळ पारीत गुंडाळून तळलेल्या या सुरळ्या म्हणजे पेतांगचा हातखंडा.)

"तू? तुला उकडलेलं अंडं धड सोलता येत नाही."

"सव्वीस वर्षं तिच्यासमोर बसून बघितलंय, ताई."

"मीही पन्नास वर्षं चर्चमध्ये बसतेय. म्हणून मला मिस्सा सांगता येते का?"

रांगेतली माणसं हसली. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

पण त्याच्या हट्टाला कारण होतं. घरी फ्रीजरमध्ये, बर्फाच्या थराखाली, जांभळ्या कंदाच्या आइस्क्रीमचा एक डबा होता. (आमच्या गावात असा डबा उघडताना आत आइस्क्रीम असेल अशी आशा कुणी धरत नाही. ती आशा पाचव्या वर्षीच मासे पाहून मरते.) त्यात बारा लुम्पिया होत्या. पेतांगने इस्पितळात जायच्या आदल्या आठवड्यात वळलेल्या. सिल्वेरियो दर रविवारी डबा उघडायचा, मोजल्यासारखं करायचा आणि झाकण लावायचा. त्या संपल्या की तिच्या हातचं घरात काही उरणार नव्हतं. आपल्याला तशाच जमल्या, तर निदान चव तरी घरात राहील, असा त्याचा हिशेब होता.

रविवारी मिस्साहून आल्यावर त्याने पांढरा शर्ट काढून न्हाणीघराच्या दारामागे टांगला आणि गंजीफ्रॉकवर कामाला लागला. गाजर, फरसबी, रताळं, कोबी चिरला. लांब मोडांचे मूग, टोफू, सगळं परतलं. सारणातल्या पाण्याबद्दल पेतांग काहीतरी म्हणायची, एवढं त्याला आठवत होतं. पाणी घालायचं म्हणायची की काढायचं, एवढंच आठवेना. म्हणून त्याने काहीच केलं नाही.

पाऱ्या म्हणजे कांद्याचं साल. पन्नास आणल्या होत्या, सोडवता सोडवता अडतीस हाती आल्या. बाकीच्यांनी एकमेकींना सोडायचं नाही असं ठरवलेलं दिसलं.

शेजारचा दोमेंग, निवृत्त पोस्टमन, खिडकीत येऊन टेकला. "कुणाचं बाळ गुंडाळतोयस रे?"

"लुम्पिया आहे."

"एवढी जाड? पार्सलाचं तिकीट लागेल हिला."

पहिल्या चार तेलात सोडल्या. क्षणभर त्या शहाण्यासारख्या पोहल्या, मग एकामागून एक फुटल्या. मोड भिंतीवर गेले, तेल दोमेंगच्या दिशेने गेलं, दोमेंग खिडकीखाली गेला.

हबकलेल्या सिल्वेरियोने छातीला हात लावला. वर्षभराची सवय, घाबरलं की पिन चाचपायची. छातीवर पिन नव्हती.

"दोमेंग, पिन पडली!"

"कुठे?"

दोघांनीही चौतीस लुम्पियांच्या ढिगाकडे पाहिलं.

"आत गेली असणार," दोमेंग म्हणाला. "बघ बाबा. ल्युसेनाच्या एखाद्या म्हातारीच्या घशात अडकली, तर पुढच्या वर्षी परत हाच कार्यक्रम."

मग काय! एकेक लुम्पिया उलगडली. सिल्वेरियो बोटांनी आणि दोमेंग काट्याने, दोघे मिळून सारण तपासत होते. (दोमेंग तपासलेला ऐवज अधूनमधून तोंडात टाकत होता, ती गोष्ट वेगळी.) पिन मिळाली नाही. साडेतीन वाजता सोलिंगताई आत आली, तेव्हा टेबलावर फाटक्या पाऱ्यांचा आणि भाजीचा डोंगर होता.

"हे काय आहे?"

"लुम्पिया," सिल्वेरियो म्हणाला.

"ही लुम्पिया असेल तर मी बिशप आहे. जा, अंघोळ कर. पाहुणे कोपऱ्यापर्यंत आलेत."

अंघोळ करून त्याने दारामागचा शर्ट ओढला, आणि बोटाला टोचलं. पिन शर्टावर होती. सकाळपासून तिथेच होती.

"ताई, सापडली!" तो ओरडत बाहेर आला आणि थांबला. स्वयंपाकघरात वास सुटला होता. वर्षभर त्या घरात न आलेला वास.

कढईत बारा लुम्पिया होत्या. सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या, बदामी रंगाच्या. एकही फुटली नव्हती. ओट्यावर जांभळा डबा उघडा पडला होता.

"बर्फ शोधत होते, तर या मिळाल्या," सोलिंगताई झारा आपटत म्हणाली. "एवढ्या सुरेख करून ठेवल्यास आणि वर ते भाजीचं नाटक कशाला?"

सिल्वेरियोने तोंड उघडलं. बाहेर फाटक वाजलं. त्याने तोंड मिटलं.

प्रार्थना झाली. सोलिंगताईने त्याच्या शर्टावरची पिन काढली. रिवाजाप्रमाणे एका बशीत भात, कॉफीचा कप आणि एक अख्खी लुम्पिया पेतांगच्या फोटोपुढे ठेवली. उरलेल्या अकरांचे तुकडे करून लसूण घातलेल्या व्हिनेगरबरोबर वाटले. त्यात सिल्वेरियोला काही आलं नाही. आचाऱ्याने चाखलं असणारच, असं सगळ्यांनी धरलं.

ल्युसेनाच्या म्हाताऱ्या मावशीने एक घास घेतला आणि डोळ्यांना रुमाल लावला. "पेतांगचाच हात गं बाई. पोराने तिचा हात उचललाय."

"मीठसुद्धा तिच्यासारखंच कमी," सोलिंगताई म्हणाली, आणि सगळे ओले डोळे पुसत हसले. "गावच्या सणाला शंभर कर, सिल्वेरियो. फक्त मिठाचं बघ."

"बघतो," सिल्वेरियो म्हणाला. दोमेंगला एकाएकी खोकला आला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर सिल्वेरियो फोटोपुढे बसला. गेलेल्या माणसाचं जेवण झालं, की बशीतलं घरच्यांनी खायला हरकत नसते. लुम्पिया गार होऊन मऊ पडली होती. एका टोकाला मुंग्या लागल्या होत्या. त्याने फुंकर मारली आणि ती सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

मीठ कमीच होतं. सव्वीस वर्षं हे तिला सांगेन म्हणत होता, ते सांगायचं राहून गेलं.