साहेबाच्या बंगल्यातला गिलावा

आमच्या गल्लीतले सोपानभाऊ कुणाच्याही घरी गेले, की राम राम करायच्या आधी भिंतीवर टकटक करतात. मग कान लावतात आणि निकाल देतात. हा निकाल आजवर कुणाच्याच बाजूने लागलेला नाही. भाऊ आंदर मावळातले, जन्मभर चुन्याच्या कामाचे गवंडी. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला व्याह्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये सगळ्यांदेखत त्यांनी "आतून पोकळ हाय" असं जाहीर केलं. व्याही अजून माझ्याशी जपून बोलतात.

"भाऊ, एखाद्या वेळी गप्प बसावं माणसानं," मी म्हणालो.

"कसं बसू गुरुजी? हाय ते हाय."

असा हा फटकळ माणूस मागच्या महिन्यात दारात येऊन चक्क अजिजीने म्हणाला, "तुंगार्लीच्या साहेबाच्या बंगल्यात मला जेवाया न्या. दोनदा गेलतो, वॉचमन आत सोडत न्हाई."

इंग्रजी अमदानीतल्या त्या बंगल्याची डागडुजी होऊन आता तिथे हॉटेल झालंय. डागडुजीचं काम भाऊंनीच केलेलं. म्हटलं, स्वतःच्या हातचं काम बघायची हौस असेल.

वेटरने खिडकीजवळचं टेबल दाखवलं. भाऊ सरळ मागच्या खोलीत, टॉयलेटच्या दाराशेजारी जाऊन बसले. मेन्यूकार्डात पिठल्याला इंग्रजी नाव होतं, ते मी मागवलं. समोरच्या भिंतीवर, दीड-दोन पुरुष उंचीवर, परातीएवढा खडबडीत तुकडा काचेखाली राखून ठेवला होता, वर दिवा सोडलेला. तुकड्यावर बोटांचे फराटे दिसत होते.

"सर, हा ब्रिटिशांच्या वेळचा ओरिजिनल गिलावा," वेटर पाठ केल्यासारखं म्हणाला. "बाकी भिंत नवीन आहे."

आता भाऊ या पोराची चारचौघांत शोभा करणार, म्हणून मी मान खाली घातली. भाऊ नुसतं "व्हय" म्हणाले.

वेटर गेल्यावर हळूच म्हणाले, "पारूचा हात हाय त्यो."

पारूवहिनी, भाऊंची बायको, कामावर परांचीवरून पडून गेल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कुठल्या कामावर, ते भाऊ कधी बोलले नव्हते.

"मी च्याला खाली उतरलोतो. तिनं हौसेनं हातानंच गिलावा थापला, घरी सारवायची तसा. मी सगळ्यांम्होरं वरडलो. चूल सारवतीस का, म्हणलं, पूस ते. ती पाण्याची बादली घिऊन वर चढली आन फळी सरकली."

उरलेली भिंत भाऊंनीच पुढे पुरी केली, तेवढा तुकडा सोडून. नंतर मुंबईहून आलेल्या सजावटवाल्यांनी तो जुनाच समजून काच बसवली.

"मी मॅनेजरशी बोलतो," मी उठलो. "वहिनींचं नाव तरी लावतील तिथं."

भाऊंनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"नगं गुरुजी. साहेबाचा म्हणून जपलाय. पारूचा म्हणल्यावर उद्याच खरवडून काढत्याल."