डावा ट्रे भोपळ्याचा

"डब्यांवर नावं लिही गं. फ्रीझरमध्ये गेलं की सगळं सारखंच दिसतं," असं क्वेकर्स हिलला राहणाऱ्या ऋतावहिनींनी, म्हणजे स्वरदाच्या थोरल्या जाऊबाईंनी, फोनवर बजावलं होतं. स्वरदा हसली होती. "वहिनी, मला काय भोपळा आणि वाटण ओळखता येत नाही?"

सोमवारपासून तिची नोकरी पुन्हा सुरू होणार होती, आणि अकरा महिन्यांची सुखदा पहिल्यांदाच चाइल्डकेअरला जाणार होती. ही पोरगी चमचा दिसला की ओठ शिवून घ्यायची. दिवसभर उपाशी राहिली तर? या धास्तीने स्वरदाने रविवारी वेरिबी या परदेशी उपनगरातल्या आपल्या चिमुकल्या स्वयंपाकघरात लग्नघरच मांडलं. आठवड्याची मटकी उकडली. बर्फाचे दोन ट्रे भरले: एकात लेकीसाठी घोटलेला भोपळा, दुसऱ्यात उसळीचं वाटण. माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे वाटणात कांदा-लसूण चटणी अगदी हात सैल सोडून.

सकाळी पाहते तर दोन्ही ट्रे केशरी, दोन्हींवर पांढरा बर्फ. नाक लावून पाहिलं, तर नाकच गार पडलं. घड्याळ पळत होतं. शेवटी तिने डावा ट्रे भोपळ्याचा ठरवला, उजव्यातल्या वड्या मटकीत घातल्या आणि डबे भरले. सुखदाचा डबा चाइल्डकेअरमध्ये तिला भरवणाऱ्या शेरिलच्या हाती दिला.

दुपारी ऑफिसातून नवऱ्याचा फोन.

"उसळीत साखर घातलीस का गं?" सारंगने विचारलं.

"नाही. का?"

"बाळाच्या खाण्यासारखी लागतेय. वाईट नाहीये, पण..."

पुढचं तिने ऐकलंच नाही. चाइल्डकेअरचा फोन कुणी उचलेना. बॉसला "मुलगी" एवढंच सांगून ती गाडीत बसली. प्रत्येक लाल सिग्नलमध्ये तिला लेकीचा चेहरा दिसत होता.

दारात एक तरुण मुलगी हसत उभी. "नो वरीज! शी लव्ह्ड इट."

आत सुखदाचं नाक वाहत होतं, वाटी चाटूनपुसून लख्ख होती, आणि ती टेबलावर थापा मारून आणखी मागत होती. स्वरदाला रडू की हसू कळेना.

"पण हिला भरवणारी शेरिल कुठाय?"

मुलीचं हसू जरा ओसरलं. "स्टाफरूममध्ये. फार गरम नाही ना, म्हणून तिने आधी स्वतः खाऊन पाहिलं. मोठा चमचा भरून. ती पाण्याकडे पळाली, तोवर हिने वाटी ओढून घेतली."

बंद दाराआडून उचक्या ऐकू येत होत्या.

आज बुधवार. शेरिल अजून कामावर आलेली नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणी वेरिबीत राहत असाल, तर जाता जाता तिची विचारपूस कराल का? स्वरदाची हिंमत होत नाही.