दिवसाला दिवस

जामसरच्या लहान्याची भाताची रोपं वाफ्यातच पिवळी पडू लागली, तेव्हा त्याची बायको रामी म्हणाली, "माणसं आण रे. नायतर औंदाबी भात बुडला, आन् दिवाळी झाली का परत वीटभट्टी!"

भट्टीचं नाव काढलं की लहान्याच्या नाकात धूर शिरायचा. गेल्या साली आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, लांबली, भात पोचट निघालं आणि दोघांनी आगाऊ पैशांची उचल घेऊन होळीपर्यंत परक्या मुलखात विटांचा चिखल तुडवला. पण आवणीच्या दिवसांत माणूस आणायचा कुठून? सगळ्या तालुक्याची खाचरं एकदम माणसं मागतात. एरवी कामासाठी वणवणणारा मजूर तेव्हा तहसीलदारापेक्षा दुर्मीळ. शिवाय इथं व्यवहार दिवसाला दिवस: तू माझ्या चिखलात एक दिवस वाक, मी तुझ्या वाकेन. 'उद्या येतो' सगळेच म्हणतात, येत कुणी नाही.

म्हणून लहान्या मोखाड्याच्या बाजारात गेला आणि दिसेल त्याला बोलावत सुटला. सुकटवालीला बोलावलं, जीपवाल्याला बोलावलं. सूर्यमाळची तानी भेटली. आवणीत तिचा हात डोळ्यांना दिसत नाही, अशी तिची ख्याती.

"तानीबाय, येशील ना गो?"

"येते की. एकटी येऊ, का पाडा घेऊन येऊ?"

"आन सगळ्यांना!" लहान्या म्हणाला. एकटी आली तरी पुष्कळ, असं मनात.

नेमका त्याच रात्री पावसानं हात आखडला. दोन दिवसांत माळावरच्या खाचरांतलं पाणी आटलं, सगळ्यांच्या आवण्या थांबल्या. लहान्याचं खाचर ओहोळाच्या तोंडाशी, तेवढंच भरलेलं. रिकाम्या माणसांना बाजारातला शब्द आठवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रामी ओरडली, "ऊठ रे! डोंगर खाली येतोय!"

डोंगर नव्हता, माणसं होती. लहान्या हात जोडून उभाच राहिला.

खोटं वाटेल, पण पाहणारे अजून जिवंत आहेत. माणसं चिखलात उतरली आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत कुणी हिरवी चटई उलगडत जावी, तसं खाचर हिरवं होत गेलं. एका बेडकानं उडी मारली. तो खाली येईतो त्याच्या जागेवर तानीनं रोप लावलेलं. बिचारा बांधावर जाऊन बसला. चुलीवरच्या चहाला उकळी फुटली नव्हती आणि आवणी संपली होती! वारा आला, सगळं खाचर एकदम लवलं. आलेल्यांतल्या म्हाताऱ्या देवजीनं टोपी काढली.

मग मागून आवाज आला, "आन् आमी?"

अर्धी माणसं अजून बांधावरच होती.

"रोप सपलं ना बाबा," लहान्या म्हणाला.

"मंग आमचा दिवस फुकट? दुसरं काम दाखव!"

त्यांनी उतारावर नाचणी लावली, बांध घातले, घर शाकारलं. तेही संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या कोंडी आजीनं रामीच्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि बजावलं, "ह्यो माझा दिवस धर गो!"

पाऊस परतला. लहान्या पाड्यापाड्यावर वाकून दिवस फेडू लागला. आवणी सरली, कापणी सरली, तरी देणं सरेना. भात मात्र असं पिकलं की कणग्या कमी पडल्या. दिवाळीला रामी म्हणाली, "औंदा कुठं जायचं नाय."

तेवढ्यात डोक्यावर बोचकं घेतलेली तानी दारात.

"लहान्या, माझा दिवस?"

"येतो ना सूर्यमाळला."

"तिथं कोन हाय आता? दारांना कड्या. पाडाच्या पाडा भट्टीवर चाललाय. तिकडंच दे."

"भट्टीवर?"

"चिखल तो चिखल!"

तिच्यामागे सुकटवाली होती. तिच्यामागे सबंध डोंगर.

आठवड्यानं भट्टीच्या मुकादमाला एक नवा गडी गुडघाभर चिखलात दिसला. एक दिवस एकाच्या जागी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. मुकादमानं विचारलं, "तुला मी आणला नव्हता रे. उचल किती घेतलीस?"

"उचल नाय शेट," लहान्या पाय न थांबवता म्हणाला, "आवणी घेतली."