गुलाबरावांची बजावणी

"सदर नोटीस दारावर डकविली असता बकरीने खाल्ली." असा अहवाल कोर्टात लिहून देणारा बेलिफ अख्ख्या वऱ्हाडात एकच, आमचे गुलाबराव. जजसाहेबांनी तो मोठ्यानं वाचला तेव्हा वकीलमंडळी पोट धरून हसली. गुलाबराव मात्र हसले नाहीत. "जे झालं ते लेहलं," एवढंच म्हणाले.

मी त्या तालुका कोर्टात नाझर. बेलिफांना नोटिसा वाटायच्या आणि बजावून आल्या की अहवाल तपासायचे, हे माझं काम. घराला कुलूप असलं की बेलिफानं दोन पंचांसमक्ष नोटीस दारावर चिकटवायची असते. बाकीचे गोंदाची बाटली नेतात. गुलाबराव घरून कणकेची खळ शिजवून डबीत भरून आणायचे. का, तर गोंदानं लोकांच्या दाराचा रंग निघतो. भांडण माणसांचं, दारानं काय केलं, असं त्यांचं म्हणणं. आता कणीक म्हटल्यावर बकरी सोडते होय?

बोलायला फटकळ, पण कामाला चोख. दर्यापूरकडच्या एका गावात एका बाईनं त्यांना पाहून नवरा देवाघरी गेला म्हणून सांगून टाकलं. गुलाबराव हात जोडून ओट्यावर बसले. "मौतीले आलो, बसतो जराक." दोन तास बसले. शेवटी मयत नवराच उपाशी पोटी वैतागून बाहेर आला आणि मुकाट्यानं सही करून गेला.

बायको कधीच वारलेली. घरात ते आणि लेक रेखा, दोघंच. रेखाला अकोल्याला दिली होती, पण दीड वर्षापासून ती माहेरीच होती. जावई पोळ्याला न्यायला येणार, मग म्हणे दिवाळीला येणार, असं गुलाबराव आपणहून सांगायचे. आम्ही माना हलवायचो.

मग अकोल्याच्या कोर्टातून एक नोटीस आली, घटस्फोटाच्या सुनावणीची. मी गठ्ठे गावागावांप्रमाणे लावतो, नावं वाचत बसत नाही, आणि तीच माझी चूक झाली. नोटीस गुलाबरावांच्या गठ्ठ्यात गेली. अहवाल आला, "बाई मिळून आली नाही. कोठे गेली माहीत नाही." तारीख पुढे ढकलली गेली. दोन महिन्यांनी दुसरी नोटीस आली, पुन्हा तोच अहवाल. या खेपेला माझी नजर पत्त्यावर गेली आणि मी चाट पडलो. पत्ता गुलाबरावांच्याच घराचा होता.

मी त्यांना बोलावून नको नको ते बोललो. घरच्या माणसाची नोटीस बेलिफानं घ्यायचीच नसते, हे त्यांना मी शिकवायचं? अजून एकदा परत गेली असती तर ती पेपरात छापून आली असती, गावानं वाचली असती, आणि पोरगी हजर नाही म्हणून निकाल एकतर्फी लागला असता. तिचं म्हणणं कोणी ऐकलंही नसतं. ते खाली मान घालून म्हणाले,

"साहेब, लोकाईच्या पोरीईले किती कागद देल्ले म्या. हिच्या हातात देववत नाही. थे वाट पाहून राह्यली त्याची."

तिसरी नोटीस मी दुसऱ्या बेलिफाकडे दिली आणि त्याच्यासोबत स्वतः गेलो. गुलाबराव कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी थांबले, घरापर्यंत काही आले नाहीत.

रेखानं नोटीस घेतली, न वाचताच सही केली. बेलिफ बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "काका, पयले दोन्ही कागद मी वाचले. बाबाचा डबा मीच ठेवतो ना थैलीत. पन मले ठाऊक होतं हे त्याईले सांगू नका. जावई येईन म्हनतात, तं मीबी हो म्हनतो. तेवढ्यावर दोन घास जेवतात ते."

तारखेला अकोल्याला नक्की जा, एवढं कसंबसं सांगून मी निघालो.

पानठेल्यापाशी गुलाबरावांनी एकच विचारलं. "रडली काय?"

नाही म्हटलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं.

"रडली," मी म्हणालो.

ते म्हणाले, "मंग बरंच केलं म्या. चार महिने तरी सुखानं झोपलं लेकरू."