दाजींचं खातं

दाजी पालव वर्षभर आमच्या बँकेच्या बाकावर बसून होते आणि आमच्या बँकेत त्यांचं खातं नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला यायचे, छत्री दोन गुडघ्यांत धरून बसायचे, आमच्या माठातलं पाणी प्यायचे आणि एकला उठून जायचे. एखाद्याने देवळात जाऊन वर्षभर नुसते वासे मोजावेत, तसा प्रकार.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी कट्टा गावच्या बाजारात एका लहानशा सहकारी बँकेत कारकून होतो. दाजी मुंबईच्या गोदीत तीस वर्षं काढून, फंडाचे पैसे पत्र्याच्या ट्रंकेत घालून गावी परतले होते. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, ते आणि त्यांची बायको, आमच्या काकी. काकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पैसे ट्रंकेत ठेवायचे नाहीत, बँकेत ठेवायचे, एवढं दाजींनी ठरवलं होतं. कुठल्या बँकेत, हे ठरवण्यात त्यांचं उरलेलं आयुष्य जाणार, असा आमचा अंदाज होता.

समोरच घाटावरच्या एका बँकेची शाखा नुकतीच उघडली होती. तिच्याबद्दल दाजींना दाट संशय. पैसे तिथले लोक वर कोल्हापूरला नेऊन ठेवतात आणि पावसात फोंड्याचा घाट कोसळला की आपले पैसे वरच अडकणार, असं त्यांचं पक्कं मत. मी एकदा समजवायला गेलो, तर म्हणाले, "घाट तुमी बांधलास काय?" पोस्टात ठेवावे, तर पोस्टमास्तर काकींच्या माहेरचा. म्हणजे सासुरवाडीला आकडा कळणार. राहिलो आम्ही.

आमची तर त्यांनी सालपटं काढली. तिजोरीवर टिचकी मारून पाहिली. खिडकीचे गज हलवून पाहिले. मॅनेजरसाहेबांना त्यांचं कुलदैवत विचारलं. मग प्रश्न सुरू. कचेरीत शिरले की दाजी शुद्ध मराठी बोलायचे आणि प्रत्येक प्रश्नाची सुरुवात एकच असायची: "समजा, मी नाही."

"समजा, मी नाही. मग आमच्या घरातून पैसे काढायला कोण येणार?"

"काकी येतील. अंगठा उठवतील."

"समजा, मी नाही, आणि शाई वाळलेली आहे. मग?"

"दाजी, शाई दुसरी आणू."

"समजा, मी नाही, आणि तुम्हीही नाही. मग?"

आम्ही त्यांचं नावच 'समजा मी नाही' ठेवलं होतं. ते दारातून आत आले की शिपाई हळूच म्हणायचा, "नाही ते आले." माणसाला मरणाची एवढी हौस असू नये, असं मी तोंडावर म्हणत नसे इतकंच. शेवटी तर त्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला. पुजाऱ्याने पाषाणाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवले, बँकांची नावं घेऊन देवाला विचारलं, आणि आमच्या नावाला उजवा कळा पडला, म्हणजे देवाचा होकार. ही बातमी ऐकून मॅनेजरसाहेबांनी खातं उघडायचा फॉर्म आधीच काढून ठेवला. फंडाची अख्खी रक्कम येणार होती आणि आमच्या शाखेला तिची फार गरज होती.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी, दाजी बाकावर असतानाच, एक म्हातारी पैसे काढायला आली. पुस्तक होतं, अंगठा होता, पण ओळख पटवायला मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

म्हातारी खाली बघायला लागली. आमच्याकडची जुनी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आईनेही कधी घेतलं नव्हतं. पण समोर गर्दी होती, आणि गर्दी असली की मला विनोद सुचायचे. "नाव घेतल्याशिवाय पैसे नाहीत, आजी," मी मोठ्याने म्हटलं. "वाटल्यास उखाण्यात घ्या."

सगळी बँक हसली. म्हातारीने पदर तोंडावर ओढला, नाव कसंबसं पुटपुटली, पैसे घेतले आणि न मोजता गेली. माझा विनोद दोन दिवस बाजारात फिरत होता. मी खूश होतो.

पुढच्या बाजाराला दाजी आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. मॅनेजरसाहेबांनी मला त्यांच्या घरी पिटाळलं. दाजी लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून सुतळी वळत होते. काकी दाराआड उभ्या होत्या. मी कौलाची आठवण करून दिली, तेव्हा दाजी पहिल्यांदाच माझ्याशी कचेरीची भाषा सोडून बोलले.

"कौल देवान तुमकाच दिल्यान. ता खोटा नाय. पण थंय जावन उभ्या रवाचा आसा ता हिका. देवाक नाय."

दाजींनी सुतळीला आणखी एक पीळ दिला.

"चाळीस वर्सां झाली, माजा नाव हिच्या तोंडातसून भायर पडाक नाय. मी मेल्यावर ता तुमी चार माणसांत काढून घेतलास, तर तिना काय करूचा?"

काकींनी गूळपाणी आणून ठेवलं. मी ते तसंच ठेवून उठलो.

दाजींनी देवाचा कौल मोडला आणि घाटावरच्या बँकेत दोघांच्या नावाने खातं उघडलं. मॅनेजरसाहेब मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. महिन्याभराने मी त्या बँकेला लागूनच्या हॉटेलात चहा घेत होतो. काकी त्या बँकेत एकट्याच शिरल्या. दाजी बाहेर पायरीवर, दाराकडे पाठ करून बसले होते. आतून बोलण्याचा आवाज आला तरी मान वळवली नाही. छत्रीची मूठ मात्र गच्च धरली होती.

काकी बाहेर आल्या.

"गावले?" दाजींनी विचारलं.

"गावले. धा."

"नाव इचारल्यान?"

"नाय. तेणा पुस्तकातला वाचून दाखवल्यान. मी मान हलयलंय."

दाजींनी उपरण्याने काकींच्या अंगठ्याची शाई पुसली. बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, "एकदा जमला म्हणान भागाचा नाय. फुडच्या बाजाराक परत येवचा."

सहा महिने दर बाजाराला काकी आत जाऊन दहा रुपये काढायच्या आणि दाजी पायरीवर पाठ करून बसायचे. पुढच्या खेपेला आधी तेच दहा रुपये दाजी स्वतः जाऊन भरायचे, पुन्हा काकींना काढता यावेत म्हणून. बाजारातली माणसं त्यांना हसायची. मी मात्र त्या हॉटेलात चहाला जाणं सोडलं.