गुरप्पा मास्तर आणि गल्लीची विहीर

गुरप्पा मास्तरांना पाणी द्यायला आमच्या भवानी पेठेत कुणी धजत नसे. तांब्या पुढे केला की ते एक घोट तोंडात खळखळवत, डोळे मिटत आणि निकाल देत. एकदा ते मुलाकडच्या मंडळींबरोबर मुलगी बघायला गेले. पोहे आले, पाणी आलं. मास्तरांनी घोट घेतला आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "तुमचा संडास विहिरीला फार जवळ आहे की!" लग्न तिथंच मोडलं. आपण दोन्ही घरांवर उपकार केले, अशी मास्तरांची मात्र पक्की समजूत होती.

शाळेत शास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, हे विहिरींच्या मागं लागले. "जमिनीखाली काय चाललंय ते जीभ सांगते की!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका उन्हाळ्यात गल्लीच्या विहिरीचं पाणी कडवट लागू लागलं. घरोघरी पोटं बिघडली. आम्ही शहाणी माणसं, त्यामुळे लगेच उपाय केले. विहिरीची पूजा केली आणि रहाटाला नवा दोर बांधला. मास्तरांनी बोट दाखवलं ते लक्ष्मय्या रंगाऱ्याकडे. सूत रंगवून उरलेलं पाणी तो घरामागच्या खड्ड्यात सोडायचा.

"माजं पानी लाल, निळं," लक्ष्मय्या म्हणाला. "विहिरीत कुटं रंग दिसतोय?"

"रंग मुरमात अडकतो. बाकीचं खाली उतरतं."

"दाखवा की मग!"

मास्तरांनी मिठाची पोती आणून त्याच्या खड्ड्यात ओतायला घेतली. तेव्हा मिठावरून देशभर धरपकड चालली होती. पोती बघून शिपाई धावत आला.

"काय चाललंय?"

"संशोधन."

हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो ते न कळल्यामुळे शिपाई परत गेला.

थोड्याच दिवसांत अख्ख्या गल्लीचा चहा खारट झाला. मास्तर लग्नाचं आमंत्रण द्यायला निघाल्यासारखे दारोदार हिंडू लागले. "आता पटलं का?"

"पटलं की!" शेजारच्या गंगूबाई कडाडल्या. "आदी नुसतं कडू हुतं, तुमी खारट बी केलंत!"

लक्ष्मय्यानं स्वतः विहिरीचं पाणी चाखलं आणि मान खाली घातली. त्यानं खड्डा बुजवला आणि मास्तरांच्या सांगण्यावरून चुनेगच्चीचा उथळ हौद बांधला. त्यातलं पाणी आटवायला सोलापूरचं ऊन समर्थ होतं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आमची गल्ली न्यायप्रिय. लक्ष्मय्याच्या घरच्यांनी विहिरीवर यायचं नाही, असं पंचांनी ठरवून टाकलं. मास्तर धावत आले. "मी खड्डा बंद करा म्हणालो होतो. माणसं बंद करा म्हणालो नव्हतो!" इतके दिवस न ऐकलेल्या माणसाचं त्याच दिवशी ऐकायचं आम्हाला काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर स्वतः घागर खांद्यावर घेऊन लक्ष्मय्याकडे पाणी पोचवू लागले. लोक हसले. मास्तरांचा श्वास फुलायचा, धोतर भिजायचं, पण खेपा थांबल्या नाहीत.

पुढं पावसाळा झाला, पाणी गोड झालं, तसे लोकही निवले. एका सकाळी गंगूबाईंनीच लक्ष्मय्याच्या बायकोला हाक मारली आणि रहाटापाशी जागा करून दिली. पंच दुसरीकडे बघत राहिले.

तरी मास्तरांची घागर चालूच. एकदा मी त्यांना वाटेत गाठलं.

"आता कशाला, मास्तर? त्यांचं पाणी तेच भरतात की."

त्यांनी घागर खाली ठेवली. जरा ओशाळले. "लक्ष्मय्याची म्हातारी आई आहे ना, मी घागर उतरवली की ती मला बसवून घेते. मग बोलत राहते. तेलुगूत."

"तुम्हाला कळतं तेलुगू?"

"एक अक्षर नाही."

"मग?"

"मग काय? आमच्या घरी दुसरं कोण बोलतंय?" असं म्हणून त्यांनी घागर उचलली आणि लगबगीनं निघाले. उशीर झाला तर म्हातारी दारात येऊन उभी राहते म्हणे.