मास्तर गादीवरून उठेनात

"बसून नाही, आडवं होऊन बघा! गादी बसून कळत नाही," असं म्हणत मास्तर दुकानातल्या सगळ्यात महाग गादीवर स्वतःच आडवे झाले आणि तिथेच घोटाळा झाला. कमरेत काहीतरी सटकन सरकल्यासारखं झालं. तिथून जी कळ निघाली ती मांडीच्या मागून थेट पोटरीत उतरली, आणि मास्तर छताकडे बघत पडून राहिले.

गिऱ्हाइकाला शिकवणी घेतल्यासारखं समजावत म्हणून दुकानात त्यांचं नाव मास्तर. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "मी घरी हीच गादी वापरतो. पाठदुखी कशाशी खातात, मला माहीत नाही!" या एका वाक्यावर त्यांनी अर्ध्या गावाला गाद्या विकल्या होत्या. आणि गेला आठवडाभर हेच मास्तर पँट चढवताना बायकोचा खांदा धरत होते. दुकानाच्या मालकांना याचा पत्ता नव्हता. तो लागला की संपलंच! कंबर धरून चालणारा माणूस गादीच्या दुकानात कोण ठेवून घेईल? आणि या वयात दुसरी नोकरी द्यायला कोण बसलंय?

समोर एक सासूबाई आणि त्यांची सून उभ्या होत्या. सासूबाईंनी आतापर्यंत पाच गाद्यांना नाक मुरडलं होतं.

"कळलं आम्हाला. उठा आता," त्या म्हणाल्या.

"असू दे, आई. पडतो जरा," मास्तर कसंबसं हसत म्हणाले.

"बघितलंत?" सून हरखली. "रोज गाद्या विकणारा माणूस, पण त्यालाही हिच्यावरून हलावंसं वाटत नाहीये."

ते ऐकून उशा बघणारं एक जोडपं जवळ आलं. त्यांच्यामागे आणखी दोघंतिघं. माणसं जमली की माणसं जमतातच. गल्ल्यावरून मालक उठून आले आणि गर्दी बघून त्यांचा चेहरा खुलला.

"वा, मास्तर! ही कल्पना आधी का नाही सुचली? दुकान बंद होईपर्यंत असेच पडून राहा."

"बरं," मास्तर म्हणाले. मालकांचा हुकूम त्यांनी इतक्या मनापासून कधीच पाळला नव्हता.

मालक वळले तसा मास्तरांनी हळूच खिशातून मोबाइल काढला आणि उशीत तोंड खुपसून बायकोला फोन लावला.

"अगं, अडकलोय मी."

"लिफ्टमध्ये?"

"गादीवर! कंबर धरलीय. हलता येत नाही."

"आठवडाभर घसा कोरडा करतेय, त्या कायरोप्रॅक्टरकडे जा, जा. कोपऱ्यावर तर दवाखाना आहे!"

"ते लोक हाडं कडाकड वाजवतात. मान पिरगळून हातात देतील माझ्या!"

"आता तरी कुठे धड आहात? पडून राहा. घेऊनच येते."

"इथं? अगं, इथं नको, मालक—" पण फोन बंद झाला होता.

मास्तरांना वाटत होतं, कायरोप्रॅक्टर म्हणजे कोणी दंड थोपटणारा पैलवान येणार. आली ती एवढीशी, चष्मेवाली बाई, आणि दारातूनच तिने खणखणीत आवाजात विचारलं, "पेशंट कुठे आहे?"

"हे काय, पसरलेत," बायको म्हणाली.

मालक एकदा मास्तरांकडे, एकदा बाईंकडे बघत राहिले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"पायात मुंग्या येतात?" डॉक्टरबाईंनी सुरुवात केली.

"येतात."

"बोटं हलवा. हं. घोटा वर ओढा. जोर आहे. लघवीला काही त्रास?"

जमलेले सगळे उत्तरासाठी पुढे झुकले.

"नाही हो!" मास्तर ओरडलेच.

"छान. मग घाबरायचं काही कारण नाही. कमरेतली शीर चिडलीय, बाकी काही नाही. पण इथं मला काम करता येणार नाही, गादीत रुतलाय तुम्ही. खाली जमिनीवर घ्या यांना."

पाठीसाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या गादीवरून माणूस उपचारासाठी जमिनीवर उतरवायचा, आणि तोही भर दुकानात! एका बाजूने बायकोने धरलं, दुसऱ्या बाजूने नाइलाजाने मालकांनी. बाईंनी मास्तरांना कुशीवर वळवलं, गुडघा दुमडला, कमरेवर हात ठेवला. "श्वास सोडा."

कट्ट!

"मोडलं!" मास्तर किंचाळले.

"बोटं मोडल्यावर होतो तसाच आवाज आहे हा. उठा बघू."

मास्तर भीत भीत उठले. उभे राहिले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. कळ पार गेली नव्हती, पण पाय पुन्हा स्वतःचा वाटत होता. त्यांचे डोळेच भरून आले.

"आणि मान?"

"मान दुखतेय का?"

"नाही."

"मग मी कशाला हात लावू?"

सूनबाईंना राहवेना. "म्हणजे यांना आता कायमचं बरं वाटणार?"

"असं मी कुणालाच सांगत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अशा बहुतेक पाठी काही आठवड्यांत आपल्या आपण सुधारतात. माझ्या हाताने काहींना लवकर आराम पडतो, काहींना नाही. यांनी चालतं-फिरतं राहायचं. आणि पाय लुळा वाटला, तर माझ्याकडे नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात."

"अन् गादी कुठली घ्यायची मग?" सासूबाईंनी विचारलं.

"जिच्यावर तुम्हाला झोप लागते ती. पाठ बरी करणारी गादी मी तरी पाहिली नाही."

झालं! मास्तरांची सगळी शिकवणी पाण्यात गेली. उशीवालं जोडपं हळूच दाराकडे सरकलं.

"आम्हाला हीच बांधा," सासूबाई म्हणाल्या. "माझी पाठ ठणठणीत आहे. मऊ आहे, मला आवडली."

पण मालकांचं तिकडे लक्षच नव्हतं. "मास्तर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "जरा आत या."

मास्तर आत गेले. माफी कशी मागायची याची ते मनात जुळवाजुळव करत होते. मालकांनी दार लावलं, कडी घातली आणि शर्ट वर केला. आत कमरेला हातभर रुंद पट्टा आवळलेला होता.

"मालक! तुम्हालासुद्धा?"

"किती दिवस झाले! घरी जमिनीवर चादर टाकून झोपतो. तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही सगळ्यांना सांगता, आपल्या गादीवर पाठ दुखतच नाही. मला वाटलं, खोट माझ्याच पाठीत आहे! तुम्हाला कळलं असतं, तर कुठल्या तोंडाने गाद्या विकल्या असत्या तुम्ही? दुकान बसलं असतं माझं."

"अहो, मी तुम्हाला घाबरत होतो!"

"आणि मी तुम्हाला!"

मास्तर इतके हसले की भिंतीचा आधार घ्यावा लागला. मालकही हसायला गेले आणि "आई गं!" करत कंबर धरून खाली वाकले. मास्तरांनी त्यांना खांद्याला धरून अलगद जमिनीवर निजवलं, कडी काढली आणि बाहेर डोकावून हाक मारली, "डॉक्टरबाई, निघू नका! आत आणखी एक पेशंट आहे."